कडेसुपारीची बी

गल्लीतली पोरंसोरं त्यांना झावळीकाका म्हणत, आणि त्यात पोरांचं काही चुकत नव्हतं. ज्या माणसानं माड, ताड, सुपारी, खजूर आणि त्यांची जगभर पांगलेली भाऊबंदकी यांच्यापायी अख्खा जन्म वेचला, जो रस्त्यानं जाताना समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या डोक्यामागच्या झाडाच्या शेंड्याकडे बघून हसतो, त्याला दुसरं काय म्हणणार? काका स्वतः बेताच्या उंचीचे. त्यांच्या बायकोला याची भारी गंमत वाटायची. "ज्याला जे नाही त्याला त्याचाच ध्यास," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि काका मान डोलवायचे, कारण ऐकलेलंच नसायचं.

आता ती नव्हती. तिला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. एकुलती एक लेक लग्न होऊन दूरच्या शहरात. काका वनस्पती उद्यानातल्या नोकरीतून निवृत्त. भाड्याच्या तीन खोल्या, वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई, आणि मागच्या पडवीत एक कुंडी. ती कुंडी हेच काकांचं जग होतं असं म्हटलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल, वाटू दे. त्या कुंडीत कडेसुपारीची बी होती, आणि तशी दुसरी बी पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हती.

कडेसुपारी काकांनीच शोधून काढलेली. ऐन तारुण्यात एका काळ्या कड्याच्या घळीत घसरत उतरताना त्यांनी आधाराला म्हणून एक वाळकी झावळी पकडली. झावळीनं तळहात कापला, आणि काकांनी रक्त पुसायच्या आधी झावळी निरखली. आजवर पाहिलेल्या कशाशीच ती जुळत नव्हती. मग पुढची काही वर्षं देशोदेशीच्या संग्रहांतली जुनी वाळलेली पानं भिंगाखाली घालण्यात गेली. शेवटी ठरलं की हे झाड जगाला नवं आहे, सुपारीच्या अंगानं जाणारं पण सुपारी नव्हे. शोधणाऱ्याला नाव ठेवायचा मान असतो. "तुझं नाव देतो," काका बायकोला म्हणाले. बायकोला आवडेल असं काही त्यांनी स्वतः होऊन सुचवलं, ते बहुधा हे एकदाच.

"नको बाई," ती म्हणाली. "उद्या ती झाडं गेली म्हणजे पेपरात छापून येईल, अमकी तमकी नामशेष झाली. माझ्या माहेरची माणसं रडत दारात येतील."

म्हणून कड्यावरची ती कडेसुपारी. आणि बायकोचं बोलणं खरंच ठरायच्या बेतात आलं. घळीत मुळात पाचच झाडं. एक वणव्यात गेलं, दोन रस्त्याच्या सुरुंगात, एकाचा शेंडा कुणीतरी आतला गाभा खायला तोडला, आणि शेंडा तुटला की या जातीची झाडं उभ्या उभ्या मरतात. उरलं एक. त्याचीही तऱ्हा अशी की एकाच तुऱ्यावर आधी नराची फुलं उमलायची, परागाची पिवळी धूळ उडवून गळून जायची, आणि नंतर सावकाश मादीची फुलं डोळे उघडायची. सगळं वरातीमागून घोडं. शेजारी दुसरं झाड असतं तर त्याच्या फुलांनी निभावून नेलं असतं, पण एकट्या झाडानं काय करायचं?

काकांनी मग नरफुलांचा पराग कागदावर झाडून घेतला, सुकवला, इवल्याशा बाटलीत भरला आणि घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीशेजारी ठेवला. "मटार काढताना जरा जपून, तिथं नवरामुलगा बसलाय," बायको लेकीला सांगायची. मादीची फुलं उमलली तेव्हा काका त्या वयात मचाणावर चढले आणि चित्रकाराच्या कुंचल्यानं एकेका फुलाला पराग लावून आले. झाडाला फळं धरली. मूठभरच, पण धरली. ती उतरवून आणली त्याच वर्षी कडा ढासळला, आणि झाड दरडीखाली गेलं.

आता उरल्या मूठभर बिया. त्या उद्यानाच्या बीजगृहात गेल्या, आणि तिथं नियमाप्रमाणे त्या वाळवल्या गेल्या. नियम वाईट नव्हता. गहू, वाटाणा, भोपळा, सगळ्यांना चालतो. पण कडेसुपारीच्या जातकुळीची बी वाळली की मेली. काका त्या आठवड्यात दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसलेले. ते परत येईपर्यंत सगळा खेळ आटोपला होता. एक बी तेवढी वाचली, कारण ती काकांच्या खिशात ओल्या रुमालात होती. बायकोला दाखवायला म्हणून त्यांनी ती नेली होती.

तिनं ती तळहातावर घेऊन फिरवून पाहिली होती. "एवढीशी?" ती म्हणाली होती. "एवढ्याशासाठी तुम्ही आयुष्यभर घराबाहेर राहिलात?" आणि हसली होती. काकाही हसले होते.

ती गेल्यावर पंधरवड्याच्या आत काकांनी बी कुंडीत लावली. उद्यानाच्या काचघराची किल्ली निवृत्त माणसाला देता येत नव्हती, म्हणून कुंडी घरी. मागच्या पडवीची एक भिंत न्हाणीघराची, तिच्या पलीकडे पाणी तापवायचा बंब, म्हणून भिंत कायम कोमट. त्या भिंतीला लागून, दगडी फरशीवर, काकांनी कुंडी ठेवली आणि धंद्याचा पहिला नियम पाळला: कोंब दिसेपर्यंत कुंडी जागची हलवायची नाही. केर काढणारीला त्यांनी पडवीत यायलाच बंदी केली.

आणि मग काका बसून राहिले. स्टुलावर, कुंडीसमोर, सकाळी चहा घेऊन आणि संध्याकाळी चहाशिवाय. कुंडीशी बोलण्याइतके ते खुळे नव्हते, पण त्यामुळे झालं असं, की रविवारी लेकीचा फोन आला की पहिला शब्द घशातून धड निघत नसे. घसा आठवडाभर वापरातच नसायचा. लेकीचं लाडकं नाव ठकी. "सर्दी झालीय का बाबा?" ठकी विचारायची. "छे," काका म्हणायचे. "जावईबापू काय म्हणतात?" "ठीक आहेत," ती म्हणायची. मग ती म्हणायची, "बाबा, इकडे या ना राहायला," आणि काका म्हणायचे, "बी उगवली की येतो." दोघांचंही बोलणं पाठ झालेलं होतं, शाळेतल्या पाढ्यांसारखं.

वर्ष सरलं तरी बी उगवली नाही. सुपारी लावा, सुपारीची चुलत-मावस भावंडं लावा, सगळ्यांची रीत एकच: बीच्या अंगालाच चिकटून, जागच्या जागी कोंब वर येतो. काका बोटानं वरची माती हळूच बाजूला करत, बीची पाठ दिसली की पुन्हा झाकत. आधी महिन्याला एकदा, मग आठवड्याला, मग रोजच. अशा उकरण्यानं नाजूक मुळं तुटतात हे ते आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून सांगत आले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! एक दिवस नख लावलं तर बीची पाठ मऊ लागली. दगडासारखी टणक असायला हवी ती बी दाबली की आत जात होती. पोचट. कुजलेली.

काकांनी माती सारखी केली. मग त्यांनी उद्यानात फोन केला. "नोंद करा," ते म्हणाले. "कडेसुपारी गेली."

"अरेरे," पलीकडचे साहेब म्हणाले. ते खरंच हळहळले असावेत. मग थोडं थांबून म्हणाले, "बरं सर, ते मोठं भिंग तुमच्याकडेच राहिलंय का हो?"

त्यानंतर काकांनी ठकीला फोन लावला आणि येतो म्हणून सांगितलं. ती न्यायला स्वतः आली. फोनवरच्या आवाजावरून वाटायची त्यापेक्षा फार वाळली होती. दोन दिवस तिनं घर आवरलं, भांडी वाटून टाकली, पुस्तकांची खोकी बांधली. काकांना तिच्यात तिची आई दिसत होती. तोच झपाटा, तेच ओठ मिटून काम करणं. काकांना मनातून बरं वाटत होतं. खाण तशी माती. हिची आई महिनोन्‌महिने एकटी राहायची आणि कधी चकार शब्द काढायची नाही. ही तशीच, घट्ट. मला नेतेय ती माझी कीव येऊन.

जेवताना ठकीनं ताटातला घास तसाच ठेवला. "बाबा, तिथं गेल्यावर कळणारच आहे, म्हणून आत्ताच सांगते. तो गेलाय. वर्ष होईल आता."

"कोण?"

"तुमचे जावईबापू." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "दुसरीकडे राहतो. मी एकटीच असते तिथं."

"अगं, मग बोलली का नाहीस? दर रविवारी मी विचारत होतो."

"तुम्ही विचारत होता आणि मी सांगत होते." तिनं पाण्याचा पेला फिरवला. "तुम्हाला पुढचं काही विचारायचं नसायचं, बाबा. तुमची बी होती."

"मला वाटलं तू आईसारखी. तिला कधी एकटं बिकटं वाटायचं नाही."

ठकीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आईला? बाबा, तुम्ही घळीत असायचात तेव्हा आई रोज तुमचं ताट मांडायची आणि उचलायची. मला म्हणायची, त्यांना सांगू नकोस हं, उगीच काम सोडून येतील."

काकांना त्या घरात, त्या टेबलाशी, आपण पाहुणे असल्यासारखं वाटलं. तीस वर्षं ते एका बाईबरोबर राहिले होते आणि तिचं एकटेपण त्यांना आज दुसऱ्याच्या तोंडून, ती गेल्यावर, जेवणाच्या ताटावर कळत होतं. ज्या माणसाला पानाच्या एका शिरेवरून जात ओळखता येते म्हणून परदेशांतून बोलावणी यायची, त्याला घरातली दोन माणसं ओळखता आली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायची होती. ठकी मन मोकळं झाल्यामुळे असेल, पण गुणगुणत पडवी झाडत होती. "बाबा, ही कुंडी?"

"रिकामीच समज," काका आतून म्हणाले. "माती वाफ्यात ओत, कुंडी मालकीणबाईंना दे."

ठकीनं कुंडी दोन्ही हातांनी धरून उचलली. कट् असा बारीक आवाज झाला, कोवळी काकडी मोडावी तसा. तिला तो ऐकूही आला नसावा. काकांना मात्र तो आतल्या खोलीत ऐकू आला. माणूस झोपेतसुद्धा स्वतःचं नाव ऐकतो, तसा.

ते बाहेर आले. कुंडीच्या बुडाच्या भोकातून बोटभर लांबीचा पांढराशुभ्र देठ लोंबत होता, टोकाशी ओला, ताजा तुटलेला. खाली, जिथं कुंडी होती तिथं, दोन फरश्यांमध्ये फट होती, आणि फटीच्या तोंडाशी त्याच देठाचं दुसरं टोक चमकत होतं. ते खाली अंधारात गेलेलं होतं.

काकांना सगळं एका क्षणात समजलं, आणि ते समजणं फार वाईट होतं. ताडाची बी असं करते. शाळेतल्या पोरालाही शिकवतात. ताडाची बी वर कोंब काढतच नाही. आधी एक लांब देठ जमिनीत खोल सोडते, कोंब त्या देठाच्या टोकाशी, खाली, गुरांच्या तोंडापासून आणि वणव्यापासून लपवून ठेवते, आणि सगळं बळ तिकडे पाठवून स्वतः मऊ, रिकामी होते. मग कधीतरी भलतीकडून पातं वर येतं. काकांनी ताड लावला असता तर कुंडीऐवजी हातभर खोल नळी घेतली असती. पण कडेसुपारी सुपारीची भाऊबंद. घराण्यात कुणी असं करत नाही म्हणून ही करणार नाही, असं ते धरून चालले. उघड्या कड्यावर, दर उन्हाळ्यात वणवा खात वाढलेल्या झाडानं आपली वेगळी रीत काढली असेल, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. बी मेलीच नव्हती. ती वर्षभर खाली जात होती, आणि ते वर बसून पाठ कुरतडत होते.

"काय झालं, बाबा?" ठकी कुंडी धरून तशीच उभी होती. "काही होतं का आत?"

तिच्या कपाळावर धूळ लागली होती. रात्रभर रडून सुजलेले डोळे, आणि तरी चेहरा कालच्यापेक्षा हलका. काकांनी तिच्याकडे पाहिलं. हिच्या हातून काय मोडलं हे हिला सांगितलं तर ही ते जन्मभर उरावर घेऊन फिरेल. आधीच कमी आहे का?

"काही नाही गं," काका म्हणाले. "पोचटच होती."

ती माती ओतायला गेली तेव्हा काका गुडघ्यांवर बसले. तुटला तो देठ. कोंब त्याच्या खालच्या टोकाशी असणार. तो किती खोल गेला होता? त्याला स्वतःचं मूळ फुटलं होतं का? फुटलं असेल तर तो बीशिवाय जगेल, नसेल तर आठवडाभरात सुकून जाईल. कळायचा एकच मार्ग: फरशी उचकटून बघायचं. आणि बघितलं की तो नक्की मरणार. उद्यानाला कळवावं, तर चार माणसं पहार घेऊन हजर होतील. आपणच इथं राहावं, तर… काकांनी आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघितलं. ते स्वतःला पुरतं ओळखून होते, निदान एवढ्या बाबतीत. इथं राहिलो तर महिन्याच्या आत हे बोट त्या फटीत जाणार. त्या कोंबाला जगात सगळ्यात मोठा धोका त्यांचाच होता.

म्हणून त्यांनी चिमूटभर ओली माती फटीत सारली, हात धुतले आणि जिना चढून घरमालकीणबाईंकडे गेले. बाई ओलीच्या आणि फरशीच्या बाबतीत फार हळव्या. भिंतीला डाग दिसला की दिवसभर त्यांची टकळी चालायची.

"पडवीतली ती फट आहे ना, कोमट भिंतीशी," काका म्हणाले, "तिथं रोज तांब्याभर पाणी घालाल का?"

"फरशीला पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना काका?"

"खालची माती सुकली तर फरशी खचेल," काका म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान लाल झाले. "पडवीचं सगळं त्या फटीवर आहे. फरशीला जपा."

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "मग आधी नाही का सांगायचं!"

गाडीत बसताना काकांनी मागं वळून बघितलं नाही. ठकीला वाटलं, आईच्या आठवणीनं बघवत नसेल. तिनं त्यांचा हात हातात घेतला. हात घेतला तरी काका एकटेच होते. जगात एका माणसाला माहीत असलेली गोष्ट घेऊन ते चालले होते, आणि ती गोष्ट जिवंत आहे की मेलेली हे त्या एका माणसालाही माहीत नव्हतं.

ठकीचं घर उंच इमारतीत, बराच वर. सकाळी ती कामावर जायची, संध्याकाळी यायची, आणि दोघं एकमेकांना जपून बोलायचे. काका भाजी निवडून ठेवायला शिकले. पुढचे प्रश्न विचारायलाही शिकले. "आज कुणाशी बोललीस?" "दुपारी जेवलीस कुणाबरोबर?" ठकी आधी चकित व्हायची, मग सांगायची. इमारतीच्या खालच्या दालनात एक प्लास्टिकचं माडाचं झाड होतं. काकांनी पहिल्या आठवड्यात ते भिंग लावून तपासलं. खोड एकाचं, झावळ्या दुसऱ्याच्या, आणि बनवणाऱ्यानं नारळ भलत्याच ठिकाणी लटकवले होते. पहारेकऱ्याला त्यांनी हे समजावून सांगितलं. पहारेकरी म्हणाला, "पण साहेब, याला पाणी लागत नाही."

दर रविवारी ते बाईंना फोन करत. फोन आता उलट्या दिशेनं जात होता, एवढाच फरक. "पाणी घालता ना?"

"घालते हो. सगळ्या जगात फटीला पाणी पाजणारी मी एकटीच बाई असेन."

"आणखी काही?" काका विचारत.

"आणखी काय असणार?"

उन्हाळा गेला. पुढचे महिनेही गेले. काकांनी आशा सोडली नव्हती, पण ती हातात धरवतही नव्हती. रात्रीच्या जेवणात ठकी काही सांगत असली की मधेच त्यांची नजर लांब जायची. "काय झालं?" ती विचारायची. "काही नाही." आयुष्यभर घासून गुळगुळीत झालेले ते दोन शब्द.

मग त्या रविवारी बाईंनीच आधी फोन केला. ठकी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काका, तुमची फरशी वाचवली बरं का मी," बाई म्हणाल्या. "नवीन भाडेकरू यायचेत म्हणून पडवी धुवायला काढली, तर त्या फटीतून गवत वर आलेलं! म्हटलं, वाढलं तर फरशी उचकटेल. उपटलं."

"काय उपटलं?"

"गवत हो. एकच पातं, पण केवढं रुंद, आणि चिवट! टोकाला दोन फाटे, चिमणीच्या शेपटीसारखे. हे काय, हातात धरूनच बोलतेय."

काका हळूच खुर्चीवर बसले. टोकाशी दुभंगलेलं पहिलं पान. सुपारीचं असंच असतं. तिच्या सगळ्या भावंडांचं असंच असतं. इतकं वेगळं वागून शेवटी पान मात्र तिनं घराण्याचंच काढलं होतं. ती जगली होती. नुसत्या तांब्याभर पाण्यावर, दगडाखालून वाट काढून वर आली होती, आणि तिला गवत म्हणून उपटलं होतं, कारण ती कोण हे काकांनी एका माणसालाही सांगितलं नव्हतं. कुणी उकरू नये म्हणून तोंड बंद ठेवलं, आणि त्या बंद तोंडानंच घात केला. काकांना आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, बायको गेली त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी घरात जमलेल्या माणसांना निदान कोण गेलं ते ठाऊक होतं.

"हॅलो? ऐकताय ना काका? पण मेलं पुरतं निघालं नाही हो. वरच्या वर तुटलं. मूळ कुठं खाली पाताळात आहे कोण जाणे. सुरीनं उकरावं म्हटलं तर फटीत पातं जाईना, आता खालच्या वाण्याकडून पहार मागवलीय. असलं गवत एकदा उपटून जातंय थोडंच? पुन्हा येणार ते, बघाच तुम्ही."

म्हणजे गेलं ते नुसतं पातं, शेंडा अजून खालीच होता. काका उठून उभे राहिले. कधी उठले ते त्यांना कळलं नाही.

ठकी दारात आली होती. हातात अर्धी घडी घातलेली चादर. "काय झालं, बाबा?"

ते दोन शब्द ओठांवर आले. नेहमीसारखे तयार. काकांनी ते गिळले. फोन टेबलावर ठेवला, दोघींना एकमेकींचं ऐकू जाईल असा केला, आणि ठकीचं मनगट धरून तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"बाई," ते म्हणाले, "पहार आली तर परत पाठवा. सुरी खाली ठेवा आधी. ठेवली?"

"ठेवली बाई. पण झालं काय एवढं?"

"ते गवत नाही."

ठकी काकांच्या तोंडाकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. चादर मांडीवरून घसरली.

"बाबा, मी कुंडी उचलली तेव्हा तुम्ही धावत बाहेर आला होता," ती म्हणाली. "तेव्हा काहीतरी मोडलं होतं. हो ना?"

"हो," काका म्हणाले. त्यांचा आवाज धड निघत नव्हता, पण सर्दी झालेली नव्हती. "मोडलं होतं. मेली म्हणून मीच सांगितलं होतं तुला, तेव्हा चूक माझी. आणि नंतर लपवलं, तीही माझीच. आता दोघी नीट ऐका. मला सगळं पहिल्यापासून सांगू दे."

ठकीनं मनगट सोडवून घेतलं नाही. काकांनी घळीपासून सुरुवात केली.